लँगम

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळचे, डम्फ्रीज व गॅलोवे विभागातील गाव. लोकसंख्या सुमारे 2,300 (2001). एस्क, यूस व वॉखोप या नद्यांच्या संगमावर, इंग्लंडमधील कार्लाइलच्या उत्तरेस सुमारे 32 किमी. वर वसले आहे.

गावालगतच्या व्हिटा टेकडीवरील सुमारे 30 मी. उंचीचा निमुळता दगडी स्तंभ (1835) हे सर जॉन माल्कमचे (1769–1833) स्मारक होय. जवळच्या बर्नफुटमध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला माल्कम वयाच्या चौदाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मद्रासला आला. महिदपूरच्या लढाईत (डिसेंबर 1817) होळकरांच्या फौजेवरील हल्ल्याचे नेतृत्व त्याने केले. जून 1818 मध्ये दुसरा बाजीराव त्याच्याच स्वाधीन झाला. पेशव्याला त्याने कबूल केलेला सालीना आठ लाखांचा तनखा खुद्द गव्हर्नर जनरललाही जास्त वाटला होता. मुंबईचा गव्हर्नर असताना (1827–30) त्याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळ्याच्या मोबदल्यात महाबळेश्वर मिळवले. तेथील माल्कम पेठ त्याच्या नावाने वसली. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये त्याचा पुतळा आहे. पेशवाईच्या शेवटाचा अभ्यास करणाऱ्या मराठी वाचकाने हा स्तंभ अवश्य पाहावा. माल्कमचा भाऊ, नौसेनापती पल्टनी, याचा पुतळा गावातच आहे. दुसरा भाऊ चार्ल्स मुंबईच्या आरमाराचा प्रमुख होता.

पूल व कालवे बांधणारा टॉमस टेलफर्ड (1757–1834) जवळच्या वेस्टरकर्कचा. तो लँगममध्ये पाथरवटाचे काम शिकला व मृत्युपत्रात येथील ग्रंथालयासाठी पैसे ठेवून गेला. कवी ह्यू मॅकडर्मिड (1892–1978) येथेच जन्मला व येथेच पुरला गेला. गावाने दिलेला सर्वांत मोठा माणूस तोच, तरी मानद नागरिकत्व त्याला मिळाले नाही. 1972 मध्ये ते चांद्रवीर नील आर्मस्ट्राँगला मिळाले. कारण सीमेवर लूटमार करणाऱ्या आर्मस्ट्राँग घराण्याचा हा मुलूख. त्यांचा म्होरक्या जॉनी याला स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स याने 1530 मध्ये फाशी दिले. या घराण्याची गावाच्या दक्षिणेकडील गिलनॉकी गढी पाहण्याजोगी आहे.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी ‘कॉमन रायडिंग’ हा उत्सव होतो. गायरानाच्या हद्दी दरवर्षी पाहण्याची (आधी पायी, नंतर घोड्यावरून) ही प्रथा त्या हद्दींबाबतच्या 1759 च्या न्यायालयीन निवाड्यापासून चालत आली. मिरवणुकीत बार्लीची भाकरी व खारवलेला हेरिंग मासा काठीला ठोकून नेतात.

लोकरी कापड हा जुना धंदा. बहुतेक गिरण्या बंद. प्रवासी रेल्वे 1964 मध्ये थांबली.

2021 मध्ये गावकऱ्यांनी वर्गणी व देणग्यांतून सुमारे 2,100 हेक्टर माळरान ड्यूक ऑफ बक्लू यांच्या जमीनदारीकडून विकत घेतले. तेथे टॅरस खोरे निसर्ग राखीव क्षेत्र आहे.