देजिमा : भाड्याचे बेट

परक्या मुलुखात जाऊन राहणाऱ्या माणसाला पहिली विवंचना पडते ती छपराची. चार रात्री कोठेही काढता येतात. पण वर्षानुवर्षे राहावयाचे तर घर बांधावे तरी लागते किंवा भाड्याने तरी घ्यावे लागते. स्वतः बांधलेले घर शाश्वत आणि भाड्याचे घर अशाश्वत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सतराव्या शतकात जपानात गेलेल्या डच व्यापाऱ्यांना मात्र नेमका याच्या उलट अनुभव आला.

ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ साली वेंगुर्ल्यास वखार घातली, तिचीच एक वखार जपानच्या हिरादो बंदरात १६०९ पासून होती. तेथे कंपनीने स्वखर्चाने दगडी कोठार उभारले आणि त्याच्या दर्शनी भागावर १६३९ हे साल कोरले. हा शक ख्रिस्ताच्या जन्मापासून मोजलेला. आणि ख्रिस्ती धर्माला तर जपानात सक्त बंदी! १६४० साली शोगुनचा अंमलदार आला व त्याने असे साल कोरलेल्या इमारती पाडून टाकण्याचा हुकूम दिला. वखारीचा प्रमुख फ्रान्स्वा कारों याने एका शब्दाचाही वाद न घालता तो मानला. हक्काचे घर असे जमीनदोस्त झाले.

इकडे नागासाकीस निराळीच अडचण उभी होती. पोर्तुगीजांना नजरेखाली ठेवण्यासाठी सरकारी आज्ञेने तेथील २५ व्यापाऱ्यांनी १६३४ ते १६३६ या काळात समुद्रात भर घालून पंख्याच्या आकाराचे एक बेट तयार केले होते. तेच देजिमा. पण १६३९ मध्ये पोर्तुगीजांची हकालपट्टी झाली, बेट ओस पडले आणि मालकांचे भाडे बुडाले. १६४१ साली डचांना हिरादो सोडून तेथे राहावयास जाण्याचा हुकूम झाला. भाडे ठरले वर्षाला ५५ कान, म्हणजे सुमारे २०६ किलो चांदी.

एवढे मोजून मिळाले काय? जेमतेम पावणेचार एकर जागा, शहराकडे जाणारा एकच पूल आणि त्यावर पहारा. परवानगीवाचून बाहेर पडावयाचे नाही. उघडपणे प्रार्थना करावयाची नाही. जपानी सुतारांनी बांधलेल्या लाकडी घरांत डच मंडळी आपल्या टेबल-खुर्च्या मांडून दिवस काढीत. भाडेकरू की कैदी, असा प्रश्न पडावा अशी ही राहणी!

तरीही हे बिऱ्हाड दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकले, कारण भाडेकरूच्या असण्यात मालकांचेही हित गुंतलेले होते. बेटाचे मालक, दुभाषे, हमाल, सारे शहरच त्या व्यापारावर अवलंबून होते. याच पुलावरून पाश्चात्त्य विद्याही जपानात शिरली. १७७४ साली सुगिता गेन्पाकू व त्याच्या सहकाऱ्यांनी शरीररचनेवरील एका डच ग्रंथाचे भाषांतर प्रसिद्ध केले, तो या मार्गाचाच प्रसाद होय.

पुढे नेपोलियनच्या काळात खुद्द हॉलंड फ्रान्सच्या घशात गेले. १८१० ते १८१२ या तीन वर्षांत बटाव्हियाहून एकही जहाज आले नाही. भाडेकरूंच्या हाती पैसा उरला नाही. तेव्हा नागासाकीच्या अधिकाऱ्यांनीच त्यांना उधारीवर पोसले. त्या रिकाम्या दिवसांत प्रमुख हेंड्रिक डफ याने जपानी दुभाष्यांना बरोबर घेऊन डच-जपानी शब्दकोशाचे काम चालविले. मायदेशात उतरलेला डच ध्वज या भाड्याच्या बेटावर मात्र फडकत राहिला.

पण भाडेपट्ट्याची मर्यादा शेवटी डफलाही कळून चुकली. जपानी स्त्रीपासून झालेला त्याचा मुलगा कायद्याने देशाबाहेर नेता येत नव्हता. मुलाच्या पोटापाण्याची तजवीज नागासाकीच्या अधिकाऱ्यांकडे करून ठेवून १८१७ साली बाप एकटाच जहाजावर चढला. परक्या भूमीने त्याला छप्पर दिले, अडचणीत अन्नही दिले. पण तेथे जे खरोखर त्याचे झाले होते, ते मात्र तिने आपल्यापाशीच ठेवून घेतले.