मनाचा उपचार आणि त्याचे मोल

शरीर आजारी पडले म्हणजे डॉक्टरला पैसे द्यावे लागतात, याचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु मनाचे दुखणे बोलण्यातून बरे करणाऱ्याला पैसे द्यावयाचे म्हटले, की शंका उभी राहते : नुसत्या बोलण्याचे पैसे कसले? आणि द्यावयाचेच, तर ते कोणी? या प्रश्नालाही इतिहास आहे.

मानसोपचार म्हणजे केवळ धीराचे चार शब्द नव्हेत. शिक्षण घेतलेला माणूस ठरलेल्या वेळी, आठवड्यामागून आठवडे, एकाच रुग्णाचे ऐकतो आणि त्याच्या दुःखाची गाठ त्याच्याच हातून सोडवून घेतो. एक तास एकालाच देता येतो; तो दहाजणांत वाटता येत नाही. हा उपचार महाग पडतो तो मुख्यतः यामुळे.

व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१३ साली याविषयी रोखठोक लिहिले. ठरलेला तास रुग्णाचा; तो आला नाही तरी त्याचे पैसे त्याने द्यावेत. फुकट उपचाराचाही त्यांनी दहा वर्षे अनुभव घेतला होता. त्यांच्या मते त्याने काही रुग्णांची आडकाठी उलट वाढे. पुढे महायुद्ध आले आणि मनाने खचलेल्या सैनिकांच्या रांगा लागल्या. १९१८ च्या सप्टेंबरात बुडापेस्ट येथे त्याच फ्रॉइडनी सांगितले, की शस्त्रक्रियेवर गरिबाचा जेवढा हक्क, तेवढाच मनाच्या उपचारावरही असला पाहिजे. मनाचे विकार क्षयाइतकेच समाजाला घातक आहेत. एक दिवस सरकारला हे पटेल, तोवर दानशूरांनी आरंभ करावा.

आरंभ झाला. १९२० साली बर्लिनमध्ये माक्स आयटिंगॉन व अर्न्स्ट झिमेल यांनी दवाखाना उघडला. आयटिंगॉन यांच्या घराण्याचा फरचा व्यापार होता. त्या संपत्तीतून खर्च चाले. रुग्णाने ऐपतीप्रमाणे द्यावे, नसेल तर देऊ नये, असा नियम होता. १९२२ साली व्हिएन्नातही तसाच दवाखाना निघाला. परंतु एका घराच्या तिजोरीवर उभी राहिलेली संस्था किती टिकणार? १९२९ नंतरच्या मंदीने ती संपत्ती आटली, १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असलेल्या आयटिंगॉनना देश सोडावा लागला.

पुढचे पाऊल विम्याने टाकले. १९४६ साली, उद्ध्वस्त बर्लिनमध्ये, तेथील विमासंस्थेने स्वतःच्या खर्चाने मानसोपचाराची संस्था काढली. आन्नेमारी ड्यूर्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली हिशेब मांडला : उपचार घेतलेले विमेदार पुढील पाच वर्षांत इतरांपेक्षा कमी दिवस रुग्णालयात राहिले. दयेने जे साधले नव्हते, त्याला आकड्यांचे बळ मिळाले. १९६७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्यविम्याने मानसोपचाराचा खर्च उचलला.

आपला देशही या प्रवाहाबाहेर नव्हता. गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ साली कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९३८ साली डॉ. मसानींनी तेच केले. मनोरुग्णाला वेड्यांच्या इस्पितळाच्या भिंतीआड न जाताही उपचार मिळावा, हा त्यातला मोठा विचार. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेचा हक्क दिला, आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले.

तरीही कायदा आणि खिसा यांत अंतर आहे. पुष्कळशा पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. मानसोपचार तर बहुधा रुग्ण घरी राहूनच घेतो. म्हणून पॉलिसीत बाह्यरुग्णाचा खर्च धरला आहे काय, ते पाहावे. फी किती, बैठका साधारण किती, ऐपतीप्रमाणे सवलत मिळेल काय, हे पहिल्याच भेटीत निःसंकोच विचारावे. सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारी साहाय्यही विनामूल्य मिळते.

भाव विचारण्यात लाज नाही. फ्रॉइडनीच सांगितले होते, की पैशाविषयी वैद्याने आडपडदा ठेवू नये. मग रुग्णाने तरी तो का ठेवावा? पैशाच्या संकोचापायी दुखणे अंगावर काढावे, तर त्याचा खर्च घर, संसार आणि धंदा या साऱ्यांना भरावा लागतो, आणि त्याची पावती कोणी देत नाही.