झेल्डाचा चेहरा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अंगणात मुले किल्ला करतात. या किल्ल्याची तऱ्हा मी गेली साठ वर्षे पाहत आलो आहे. बुरुजावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, तळ्यातले बदक तोफेएवढे असते आणि अळिवाची चार कोवळी रोपे म्हणजे घनदाट अरण्य असते. 'हे काही प्रमाणात नाही' अशी तक्रार आजवर एकाही मुलाने केलेली नाही. तक्रार करीत असे तो मी. मी चित्रकलेचा शिक्षक. बत्तीस वर्षे मुलांच्या वह्यांतली तिरकी घरे सरळ करण्यात गेली.

या सवयीपायी माझ्या हातून एक चूक घडली. ती सांगावयाची तर एका जपानी व्हिडिओ गेमचा इतिहास सांगावा लागेल. खेळ मुलांचा, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून वडीलधाऱ्या वाचकांनी पान उलटू नये. एखाद्या गोष्टीची ओळख तिच्या रूपात असते की तिच्या चालीत, हा त्यातला प्रश्न थोरांनाही सुटलेला नाही.

जपानातील क्योतो शहरी १८८९ साली निन्टेंडो ही पेढी निघाली, ती खेळण्याचे पत्ते करण्यासाठी. पुढे १९७७ साली तिथे शिगेरू मियामोतो नावाचा तरुण नोकरीस लागला. त्याचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे गावी गेले. रानात भटकताना एकदा त्याला एक गुहा सापडली आणि तो कंदील घेऊन आत शिरला. अनोळखी जागी एकट्याने पाऊल टाकताना छातीत जी धडधड होते, ती त्याने जपून ठेवली आणि ताकाशी तेझुका या सहकाऱ्याबरोबर तिचा खेळ केला. फेब्रुवारी १९८६ मध्ये तो बाजारात आला. त्याचे नाव 'द लेजेंड ऑफ झेल्डा'. झेल्डा ही त्यातली राजकन्या. तिचे नाव अमेरिकन कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या पत्नीच्या नावावरून घेतले. नायकाचे नाव मात्र लिंक.

हा लिंक दिसावयास कसा होता? सोळा ठिपके रुंद, सोळा ठिपके उंच, आणि रंग अवघे तीन! आपल्या घरच्या सुना दारात याहून मोठी ठिपक्यांची रांगोळी घालतात. परंतु खेळ सुरू झाला की हा ठिपक्यांचा मुलगा निःशस्त्र उभा असे. कुठे जा, काय कर, हे कोणी सांगत नसे. शेजारी एका गुहेचे काळे तोंड दिसे. आत जावे तर एक म्हातारा तलवार देई. पुढचे सारे ज्याचे त्याने शोधावयाचे. झेल्डाचा प्राण तो हाच.

यंत्रे सुधारत गेली तसे चित्रही सुधारत गेले. १९९१ चा 'अ लिंक टू द पास्ट' अधिक रंगीत झाला. १९९८ च्या 'ऑकारिना ऑफ टाइम'मध्ये तर लिंक खऱ्या माणसासारखा लांबी, रुंदी, खोली असलेल्या जगात धावू लागला. जपानच्या 'फामित्सू' मासिकाने त्याला चाळीसपैकी चाळीस गुण दिले. तोवर असे गुण कोणालाच मिळाले नव्हते. मग ऑगस्ट २००० मध्ये निन्टेंडोने एका प्रदर्शनात नव्या यंत्राची शक्ती दाखविण्यासाठी लिंक आणि दुष्ट गॅननडॉर्फ यांचे काही क्षणांचे तलवारयुद्ध दाखविले. ते इतके हुबेहूब होते की पुढचा खेळ असाच असणार, असे सर्वांनी धरून टाकले.

एक वर्षाने, ऑगस्ट २००१ मध्ये, त्याच प्रदर्शनात खरा खेळ दिसला आणि हाहाकार झाला. लिंक चक्क व्यंगचित्रातला बालक झाला होता! मोठे डोके, बशीएवढे डोळे, आणि अंगावर छाया पडे तीही हळूहळू गडद होणारी नव्हे, तर कात्रीने कापल्यासारखी सपाट. टीकाकारांनी त्याला 'सेल्डा' असे टोपणनाव ठेवले.

माझा भाचा तेव्हा चौदा वर्षांचा, न्यू जर्सीत राहणारा. त्याने मला फोन केला. रडवेल्या आवाजात म्हणाला, "मामा, ह्यांनी माझ्या लिंकचं कार्टून केलं!" आणि मी, न पाहता, न खेळता, निकाल दिला : "बाळा, तुझं बरोबर आहे. चित्र खरं वाटलंच पाहिजे." मामाचा शब्द! २००३ साली 'द विंड वेकर' अमेरिकेत विक्रीस आला तेव्हा पठ्ठ्याने त्याला हात लावला नाही.

पुष्कळांनी असेच केले असावे. तिथली विक्री मंदावली, आणि हे चित्र लहान मुलांचे वाटते म्हणून ती मंदावली, असे अमेरिकेतील कचेरीने दिग्दर्शक एइजी आओनुमा यांना कळविले. त्याच धर्तीचा पुढचा भाग काढण्याचा बेत बदलला. मे २००४ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात नव्या, वास्तव रूपातल्या झेल्डाची झलक दाखविताच प्रेक्षक उठून ओरडू लागले. स्वतः मियामोतो हाती ढाल-तलवार घेऊन रंगमंचावर आले. २००६ साली 'ट्वायलाइट प्रिन्सेस' निघाला. भाचा खूश, मीही खूश.

मग माझी चूक ती कोणती? ती मला उशिरा कळली. 'विंड वेकर' हा समुद्रावरच्या भटकंतीचा खेळ आहे. एकोणपन्नास चौकोनांचा सागर, प्रत्येक चौकोनात निदान एक बेट, आणि होडी चालते वाऱ्यावर. हुबेहूब चित्रात वारा दिसावयाचा कसा? व्यंगचित्रात तो पांढऱ्या रेघांनी दिसतो. ते बशीएवढे डोळेही उगाच नाहीत. जवळ काही महत्त्वाची वस्तू असली की लिंकची नजर तिकडे वळते आणि खेळणाऱ्याला खूण मिळते. म्हणजे ज्याला आम्ही पोरकट रूप म्हणून हिणवीत होतो, ते खेळाच्या चालीतूनच उगवले होते!

खेळात खरा दोष होता तो निराळाच. सागरप्रवास फार लांबे आणि शेवटची शोधाशोध कंटाळवाणी होई. २०१३ साली हा खेळ नव्याने काढताना निन्टेंडोने नेमके हेच दुरुस्त केले : जलद शीड दिले, शोधाशोध आखडली. रूप मात्र व्यंगचित्राचेच ठेवले. भांडलो आम्ही चेहऱ्यावरून. दुखणे होते चालीत.

वास्तव चित्रण वाईट, असे मी म्हणत नाही. 'ट्वायलाइट प्रिन्सेस' हाही उत्तम खेळ आहे. परंतु २००६ चे 'हुबेहूब' आज धूसर वाटते, आणि ते सपाट छायेचे बालक कालच रंगविल्यासारखे टवटवीत दिसते.

पुढे २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ची जुळवाजुळव करताना तर कर्त्यांनी आधी १९८६ च्या धर्तीचा एक साधा, सपाट नमुना करून पाहिला. आगीने लाकूड पेटते का, तोडलेला ओंडका पाण्यावर तरंगतो का, आणि याने खेळणाऱ्याला मौज वाटते का, हे त्यात पारखले. तयार खेळात लिंक पुन्हा एका गुहेतून बाहेर येतो आणि समोर अफाट मुलूख पसरलेला असतो.

गेल्या दिवाळीत भाचा सहकुटुंब आला होता. त्याची आठ वर्षांची लेक 'विंड वेकर'ची ती २०१३ ची आवृत्ती खेळत बसली. "जरा दे गं," म्हणून त्याने कंट्रोलर हाती घेतला, तो फराळाच्या तीन हाका झाल्या तरी सोडीना. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, वीस वर्षं हे खेळलो नाही मी."

मला उत्तर सुचले नाही. मी अंगणात गेलो. किल्ल्यावरचे बदक तोफेएवढेच होते. मुलांनी विचारले, "आजोबा, बरोबर आहे ना?" मी म्हटले, "बरोबर आहे. पाणी तेवढं घाला तळ्यात."