वहीची मागची पाने : व्यसनोपचाराच्या खर्चाच्या अभ्यासाला प्रस्तावना

सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात एका झेरॉक्सच्या दुकानापाशी एक बाई वही उघडून उभी होती. विडी कामगाराची लहानशी वही. पुढच्या पानांवर कोणत्या दिवशी किती विड्या दिल्या त्याची नोंद. मागच्या बाजूने मात्र, वही उलटी करून, दुसराच हिशेब सुरू केलेला. नवऱ्याची दारू सोडवण्याचा. आधार कार्डाच्या आणि केसपेपरच्या प्रती काढून झाल्यावर त्यांचे पैसेही तिने तिथेच मांडले. तिला विचारून मी ती पाने वाचली. रिक्षा. रक्त तपासणी. गोळ्या. दोन बनियन, एक टॉवेल. पुण्याची तिकिटे : जाताना दोन, येताना एक. एका ओळीत नुसते ‘वहिनीकडून’ आणि पुढे रक्कम. त्यावर अजून काट मारलेली नव्हती. खाली बेरीज नव्हती. मी विचारले तर म्हणाली, ‘बेरीज कशाला करू सर? अजून संपलंय कुठं?’

या अभ्यासात जे नव्याने येत आहेत, त्यांचे मनापासून स्वागत करताना मी त्यांच्या हाती आधी ही वही देईन. व्यसन का लागते, मेंदूत काय घडते, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. उपचाराचे पैसे कोणी भरले, हा प्रश्न मात्र वैद्यक, कायदा, अर्थशास्त्र आणि समाजकार्य या चारही शाखांच्या बांधावर पडून राहिला आहे. व्यसन हा आजार आहे असे आपण आता सगळेच म्हणतो. ते खरोखर मानतो का, हे बिल कोणाच्या नावावर फाडले जाते त्यावरून कळते.

मराठीला दारूचा विषय नवा नाही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहीत होते. १९१९ साली गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. त्यातली सिंधू संसार मोडल्यावर लोकांची दळणे दळते. प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या तिच्यासाठी रडले, पण त्या जात्यावरच्या मजुरीकडे खर्चाची बाब म्हणून फारसे कोणी पाहिले नाही. सोलापुरात जात्याच्या जागी विडीचे सूप आले, एवढाच फरक. ज्या घरात माग चालवणारा पितो, त्या घरात चूल बाईच्या विड्यांवर चालते आणि उपचारही त्याच विड्यांवर होतो.

उपचाराचा खर्च म्हणजे केंद्राची फी, असा समज घेऊन आलात तर तो इथेच उतरवून ठेवा. रोज पिणाऱ्याने एकदम दारू थांबवली की हात कापतात, घाम फुटतो, झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीवही जातो. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावे लागतात. त्यासाठी लागणारी औषधे, म्हणजे थायमिन आणि शांत करणाऱ्या गोळ्या, महाग नाहीत. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलसारख्या सरकारी दवाखान्यात हा टप्पा थोड्या पैशांत पार पडू शकतो. महाग पडतो तो पुढचा वेळ. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात राहण्याचा कार्यक्रम ३५ दिवसांचा आहे. यंत्रमागावर आठवड्याला पगार घेणाऱ्या माणसाचे हे पाच पगार झाले. शिवाय त्याला भेटायला जाणाऱ्या बायकोचे खाडे, आणि घरी परतल्यावर महिनोन्‌महिने फॉलोअपच्या चकरा. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. फीची पावती मिळते, खाड्यांची कोण देणार?

मुक्तांगणच्या जन्मातच आपल्या प्रश्नाचे एक उत्तर आहे. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर पुण्या-मुंबईच्या तरुणांपर्यंत पोचली. अनिल अवचटांनी त्या मुलांवर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने येरवड्यात केंद्र उभे राहिले. एका लेखकाच्या घरातला पैसा दुसऱ्या लेखकाच्या लेखामुळे उपचाराकडे वळला. याचे मोल मोठे आहेच. पण प्रत्येक जिल्ह्याला असे दाते मिळतील, असे धरून धोरण आखता येत नाही.

मग सरकार? केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेतून स्वयंसेवी संस्थांच्या व्यसनमुक्ती केंद्रांना मान्य खर्चाच्या मोठ्या भागाचे अनुदान मिळते. पण उपचार फार थोड्यांपर्यंत पोचतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलाही उपचार मिळाल्याचे दिसले. भरती होऊन उपचार १८० जणांत एकाला.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून बोलावतो, कारण सगळ्यात अवघड गाठ त्यांच्या वाट्याची आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित अवस्था स्पष्टपणे घेतल्या. त्याच कायद्याच्या २१ व्या कलमाने सांगितले की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराच्या उपचाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यावे. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली तर व्यसनोपचाराचा विमा मिळायला हवा. पण २०१९ साली विमा नियामकाने आरोग्य पॉलिसीतील वगळण्याच्या बाबींची प्रमाणित भाषा ठरवून दिली, त्यात बारावा संकेतांक आहे : मद्यासक्ती, अमली पदार्थांचे सेवन, कोणतेही व्यसन आणि त्यांचे परिणाम यांवरचा उपचार. शेवटचे तीन-चार शब्द पुन्हा वाचा. ‘त्यांचे परिणाम’ म्हटले की यकृतही आले. म्हणजे इतकी वर्षे इमानाने हप्ते भरलेल्या घराला, माणूस पोट फुगून भरती झाल्यावर, केसपेपरवर ‘दारू’ हा शब्द आहे एवढ्यावरून क्लेम नाकारला जाऊ शकतो. हा शब्द लिहू नका म्हणून डॉक्टरांना हात जोडणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. तो शब्द गाळला तर उपचार चुकू शकतो, लिहिला तर पैसे बुडतात. संसदेने ज्याला आजार म्हटले, त्याला पॉलिसी अजून दोष मानते, आणि मला हे मान्य नाही. आयुष्मान भारत योजनेच्या वगळलेल्या बाबींतही अमली पदार्थांपासूनचे पुनर्वसन आहे.

दुसऱ्या बाजूला तिजोरी पाहा. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचा कर वाढवला, तेव्हा वर्षाला सुमारे १४,००० कोटींचे जादा उत्पन्न अपेक्षित असल्याचे सांगितले गेले. या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा उपचारासाठी बांधून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो किती असावा, हे सांगायला आकडेमोड हवी, आणि ती करायला तुम्ही हवे आहात. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेऊन मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टी गाळणाऱ्यांना दुसऱ्या धंद्याकडे वळवायला सुरुवात केली. गाळणाऱ्याचा विचार झाला. पिणाऱ्याच्या उपचाराची तजवीज तितक्याच नेटाने व्हावी.

कमी खर्चाच्या वाटाही आहेत आणि त्या अभ्यासण्याजोग्या आहेत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना फी नसते. सभासद आपापसात वर्गणी काढतात, बाहेरची देणगी घेत नाहीत. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून मोजक्याच बैठकी घडवल्या. ३७७ पुरुषांवरचा हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के जणांचे पिणे घातक पातळीच्या खाली आले होते, इतरांत हे प्रमाण २६ टक्के होते. हे लोक घातक प्रमाणात पीत होते, पूर्ण अवलंबित्वापर्यंत पोचलेले नव्हते. त्या टप्प्यावर गाठले तर खर्च कमी होतो, हा धडा आपल्या जिल्ह्याला फार उपयोगी आहे.

एक सूचना केल्यावाचून राहवत नाही. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती तुम्ही भिंतींवर वाचल्या असतील. अनेक घरांचा पहिला पैसा याच पुड्यांवर जातो. त्यात काय मिसळले आहे ते कळत नाही. डायसल्फिराम हे औषध असेल आणि न सांगता भाजीत घातले असेल, तर त्यावर दारू पिणाऱ्याचा रक्तदाब कोसळून तो दगावू शकतो. खर्चाच्या नोंदी घेताना या पुड्यांचा रकाना वेगळा ठेवा. लोक तो आपणहून सांगत नाहीत.

आणि नोंदी घ्यायला सकाळी जाऊ नका. सकाळी बायका विड्या जमा करायला आणि पाने-तंबाखू आणायला गेलेल्या असतात. दुपारी जा. जमिनीवर बसा. तिच्या मांडीवर सूप असेल, बोटे पान कापत, गुंडाळत, दोरा बांधत असतील. वही बघायची असेल तर ती कुठे आहे ते विचारून तुम्हीच उठून आणा आणि पाने तुम्हीच उलटा. तिचे हात थांबले तर तेवढ्या विड्या त्या दिवशी कमी भरतील.