कुंपणातला संसार

व्यक्तीचा खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. वाद आधार कार्डावरून उभा राहिला होता. बोटांचे ठसे नि डोळ्यांची बुबुळे सरकारी यंत्रात जाणार, म्हणून पांढरपेशा माणूस धास्तावला. सोलापूरच्या सेटलमेंटमधल्या माणसाची बोटे मात्र शंभर वर्षांमागेच शाईत बुडाली होती.

१९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीची नोंद करून ठसे घेण्याची सोय केली. गुन्हा केलेला असो वा नसो. पारधी, कैकाडी, टकारी यांची कुटुंबे सोलापुरात तारेच्या कुंपणात आणून ठेवली गेली. गिरण्यांना मजूर मिळाले, हेही विसरू नये. हजेरी चुकवायची नाही, परवान्यावाचून कुंपण ओलांडायचे नाही. घरात रात्री कोण आहे नि कोण नाही, ही सरकारी बाब. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकारही त्याच कायद्याने सरकारला दिला होता.

सोलापूर मार्शल लॉ विसरलेले नाही. १२ मे १९३० पासून जून संपेपर्यंत शहरावर लष्करी अंमल होता. त्या सात आठवड्यांत पेठेतल्या माणसाला कळले, की घराबाहेर पाऊल टाकायला दुसऱ्याची परवानगी लागणे म्हणजे काय. पुढे महायुद्धात, मे १९४३ मध्ये, मुंबईत रेशन आले आणि मध्यमवर्गाच्या चुलीभोवतीची तोंडेही सरकारने मोजली. लढाई संपली की हे सारे संपेल, असा दिलासा तरी त्यांना होता. कुंपणातल्या बाईच्या संसारावर कुणी युद्ध पुकारलेच नव्हते, मग ते संपणार कसे?

बाबासाहेबांनी मार्च १९४७ मधल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात शरीर, घर आणि कागदपत्रे यांची अवाजवी झडती होऊ नये, असा हक्क मागितला होता. तो संविधानात आला नाही. २०१७ च्या निकालात न्यायालयाला त्या निवेदनाची आठवण काढावी लागली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी जमाती विमुक्त झाल्या. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि पोलिसांची वही पुन्हा उघडली. २०२२ च्या कायद्याने अटक झालेल्याचे ठसे, बुबुळे यांच्या नोंदी ७५ वर्षे जपण्याची मुभा दिली. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर नोंद पुसावी, असे त्यात आहे खरे. पण पहाटे पालावरून उचलून नेलेल्या पारध्याच्या पोराने ती पुसली की नाही, हे कोणत्या खिडकीवर जाऊन विचारायचे?