एका लाखाची कुळकथा

टाटा मोटर्सच्या नॅनो मोटारीची नोंदणी एप्रिल २००९मध्ये झाली. अवघ्या अडीच आठवड्यांत सुमारे २ लाख ३ हजार लोकांनी पैसे भरले आणि अडीच हजार कोटींच्या आसपास रक्कम गोळा झाली. हे आकडे तेव्हा घरोघरी बोलले गेले. कंपनीने त्यासोबत आणखी एक हिशेब जाहीर केला होता, त्याच्याकडे मात्र फारसं कुणी वळून पाहिलं नाही. सर्वांत स्वस्त, साधं मॉडेल मागणारे होते साधारण २० टक्के. मधलं सीएक्स मागणारे ३० टक्के. सर्वांत महाग एलएक्स मागणारे तब्बल ५० टक्के.

म्हणजे जगातली सर्वांत स्वस्त मोटार घ्यायला आलेल्या दर दोघांतल्या एकाला तिच्यातली सर्वांत महाग गाडी हवी होती. ज्या ‘एक लाखा’साठी गाडी जगभर गाजली, तो लाख पाचातल्या एकालाच हवा होता. नॅनोचं पुढे जे झालं त्याचं बीज याच आकड्यात आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी हा लाख आला कुठून, हे आधी पाहायला हवं.

या किमतीचं माहेर आपल्याच भागात आहे. थेरगावच्या डांगे चौकातून पिंपरी हाकेच्या अंतरावर. तिथल्या टाटा मोटर्सच्या संशोधन केंद्रात गिरीश वाघ यांच्या चमूने नॅनो घडवली. गाडीचा जन्म असा पिंपरीचा. किमतीचा जन्म मात्र वादाचा आहे.

पहिली कथा सर्वांना पाठ आहे. रतन टाटांनी स्कूटरवर दाटीवाटीने बसलेलं कुटुंब पावसात पाहिलं आणि त्यांच्यासाठी सुरक्षित वाहन करायचं ठरवलं. ही कथा खरी आहे, पण तिच्यातून गाडी निघते, किंमत निघत नाही. त्या दृश्यात लाखही नाही आणि दीड लाखही नाही.

दुसरी कथा व्यापाऱ्याच्या डोक्याची आहे. मोटारसायकल एका टोकाला, मारुती ८०० दुसऱ्या टोकाला. मधल्या मोकळ्या जागेत नवी गाडी बसवली. तर्क नीटनेटका आहे. पण त्या मोकळ्या जागेत सव्वा लाखही बसतो आणि दीडही. नेमका एकच का?

तिसरी कथा खुद्द टाटांनी सांगितलेली, आणि माझा कौल तिलाच. २००३च्या जिनिव्हा मोटार प्रदर्शनात ‘फायनान्शियल टाइम्स’च्या प्रतिनिधीने किंमत विचारली. टाटांनी अंदाजाने एक लाखाच्या आसपास म्हटलं. दुसऱ्या दिवशी मथळाच झाला. खुलासा पाठवावा, असं त्यांना आधी वाटलं. मग त्यांनी ठरवलं की बोललोच आहोत तर हेच लक्ष्य मानू. पुढच्या वर्षांत पोलाद महागलं, तरी १० जानेवारी २००८ला गाडी दिल्लीत पडद्याबाहेर आली ती त्याच शब्दावर: विक्रेत्यासाठी एक लाख, कर आणि वाहतूक वेगळी. म्हणजे ही किंमत हिशेबाच्या वहीत नव्हे, बातमीच्या मथळ्यात जन्मली.

गोल आकड्याची ही भूल जुनी आहे. १९३०च्या दशकात जर्मनीत हिटलरने लोकांच्या मोटारीसाठी हजार मार्कांच्या आतली किंमत आधी ठरवली, मग अभियंता पोर्शेंना गाडी करायला सांगितली. ९९० मार्क जाहीर झाले. आठवड्याला पाच मार्कांची तिकिटं चिकटवून तीन लाखांहून अधिक लोकांनी बचत केली. त्या योजनेतून एकालाही गाडी मिळाली नाही, कारखाना युद्धाला जुंपला गेला. आपल्याकडे इचलकरंजीच्या शंकरराव कुळकर्णींनी १९४९पासून खपून ‘मीरा’ ही छोटी गाडी घडवली. तिची किंमत १२ हजार सांगितली जाई. ती कारखान्यापर्यंत पोचलीच नाही. संजय गांधींची मारुती आणि नंतरची १९८३ची मारुती ८०० सर्वांना ठाऊकच आहे.

या घराण्याचा मूळपुरुष हेन्री फोर्ड. आधी किंमत खाली आणायची, मग खर्चाला तिच्यामागे पळवायचं, हे त्याने १९२२च्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं. १९०८मध्ये ८५० डॉलरला विकलेली मॉडेल टी १९२०च्या दशकात ३०० डॉलरच्या खाली आली आणि दीड कोटी गाड्या खपल्या. किंमत कमी केली की खप इतका वाढावा की एकूण गल्ला वाढेल, या गणिताचा याहून भरभक्कम दाखला नाही. ते गणित फ्रेंच अभ्यासक कूर्नो याने १८३८मध्ये मांडलं होतं, आणि अर्थशास्त्रज्ञ मार्शलने १८९०मध्ये त्याला मागणीची लवचिकता हे नाव दिलं. दहा टक्के दर उतरवून खप वीस टक्के वाढला तर गल्ला फुगतो. पाचच टक्के वाढला तर आटतो.

पण फोर्डची गोष्ट लोक अर्ध्यावर सोडतात. १९२७मध्ये मॉडेल टी बंद पडली तेव्हाही ती स्वस्तच होती. जनरल मोटर्सने हप्त्यावर, दरवर्षी नव्या रूपात थोडी महाग शेवरोले दिली आणि लोक तिकडे वळले. लोकांना थोडी वरची, प्रतिष्ठेची वस्तू हवी होती, तळाची नव्हे. ८२ वर्षांनी नॅनोच्या नोंदणीत तोच कौल २०-३०-५० असा उमटला.

यावर एक आक्षेप येईल: साध्या मॉडेलला एसी नव्हता, म्हणून लोक वर गेले, यात प्रतिष्ठेचा काय संबंध? आक्षेप वजनदार आहे, पण तो माझीच बाजू मजबूत करतो. एसीसाठी जास्तीचे पैसे मोजायची ज्याची तयारी आहे, तो स्कूटरवरून भिजत जाणारा ग्राहक नव्हे. त्याच्यासमोर जुनी मारुतीही उभी आहे, आणि ती ‘सर्वांत स्वस्त’ म्हणून ओळखली जात नाही. दुसरे आक्षेपही आहेत: कारखाना सिंगूर सोडून साणंदला न्यावा लागला, काही गाड्यांना आग लागली. या गोष्टींनी घाव घातला, हे मान्य. पण त्या २००९च्या नोंदणीतला कौल समजावून सांगू शकत नाहीत. तो आगीच्या आधीचा आहे.

मार्शलच्या गणितात एक गृहीतक दडलं आहे: दर बदलला तरी वस्तू तीच राहते. नॅनोचा दर हेच तिचं नाव झालं, म्हणून दराने वस्तूच बदलली. अर्थशास्त्रज्ञ व्हेब्लेनने १८९९मध्ये महाग वस्तू महाग असल्यामुळे हव्याशा वाटतात, हे दाखवलं होतं. नॅनोने त्याची उलटी बाजू दाखवली. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाख. सर्वांत चांगल्या वर्षात, २०११-१२मध्ये, विकल्या गेल्या साडेचौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का नडला, असं पुढे रतन टाटाही जाहीरपणे बोलले. नंतर पॉवर स्टिअरिंग आलं, गिअरची कटकट गेली, दर वाढला, पण नाव बदललं नाही. २०१८मध्ये उत्पादन थांबलं.

आता याच पिंपरीतली, याच गिरीश वाघांच्या हाताखाली घडलेली दुसरी गाडी पाहा. मे २००५मध्ये टाटा एस आली, लोकांचा ‘छोटा हाथी’. किंमत सव्वादोन लाखांच्या घरात, म्हणजे तीनचाकी टेम्पोहून महाग. तरी दोन वर्षांच्या आत लाख गाड्या गेल्या आणि १२ वर्षांत २० लाख. घेणारा फेऱ्या, भाडं, डिझेल आणि हप्ता यांची बेरीज मांडत होता. किंमत त्याच्या वहीत बसली की ती महाग राहत नाही. या गाडीला कुणी स्वस्त म्हणून हिणवलं नाही, कारण ती कमावती होती.

चाकणच्या पट्ट्यात आजही विजेवरच्या स्वस्त वाहनांचे बेत आखले जात आहेत. माझं सांगणं एवढंच: दर ठरवताना गोल आकड्याला भुलू नका, ग्राहक कशाशी तुलना करणार आहे ते आधी विचारा. आणि नोंदणी उघडली की एकूण आकडा मिरवण्याआधी मॉडेलवार विभागणी वाचा. नॅनोच्या वेळी ती पहिल्याच महिन्यात जाहीर झाली होती. ती नीट वाचली असती, तर पुढचा रस्ता वेगळा निवडायला अजून वेळ होता.