दुआनबिंग आणि त्यातले ‘चिलखत’
१. दुआनबिंग : चिनी तलवारबाजीतला, आधी न ठरवलेल्या वारांचा सामना. नानजिंगमध्ये १९२८ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती गुओशू (चिनी युद्धकला) संस्थेत त्याला खेळाचे रूप आले. हाती पाते नसते. वेताच्या गाभ्यावर कापूस नि कातडे गुंडाळलेली काठी असते. आपल्या फरीगदग्यातल्या गदग्याच्या जातीची, फक्त सोबत फरी नाही. डोक्याला मुखवटा, छातीला कवच, हातांत जाड मोजे. ही टीप ज्या लेखावर आहे त्याचा लेखक यालाच ‘चिलखत’ म्हणतो, पण मिंगकालीन सैनिकाच्या लोखंडी चिलखताशी याची गल्लत करू नये. त्या चिलखतावर तलवारीचा वार फारसा चालत नसे, म्हणून मान, काख, मनगट अशा उघड्या जागा हेराव्या लागत. इथे मात्र कवचावरचा फटका उघड्या अंगावर बसला असेच धरतात. कवचामुळे सराव ‘खरा’ होतो, हे लेखकाचे म्हणणे अर्धेच पटते. बोटे ठेचण्याची धास्ती नसली की वार पूर्ण वेगाने करता येतो, हे कबूल. पण तीच धास्ती गेल्यावर खेळाडू अडवायचे सोडून मारतो आणि मार खातोही. दोघांना एकदम लागणारे फटके कवच चढवल्यावर वाढतात, ते यामुळेच. — संपा.